जेवढं दिसलं तेवढं

बऱ्हाटे सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं, पहिल्या कागदावर फूटपट्टी आडवी धरली आणि अक्षरं तपासायला सुरुवात केली. टेबलावर आठ कागद ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर वेगळ्या मुलाचं हस्ताक्षर, पण अक्षरं चारच, पुन्हा पुन्हा फिरून आलेली: ए, टी, जी, सी. सरांच्या डाव्या हाताला डीएनएच्या त्या तुकड्याबरोबर आलेलं छापील पत्रक होतं आणि त्यावर हीच अक्षरं ओळीत छापलेली होती. पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. पहिला कागद बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा इतका बरोबर निघाला की सरांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला, भटूला, हाक मारून चहा मागवला.

आठव्या कागदावर मात्र पट्टी अडली. तो लिला चौरेचा होता. निम्म्याच्या थोडं पुढे, जिथे बाकी सातांनी जी, जी, सी, सी लिहिलं होतं, तिथे या पोरीने चार वेळा 'एन' लिहून ठेवलं होतं. या शास्त्रात एन म्हणजे 'वाचता आलं नाही'. सरांनी त्या चार अक्षरांभोवती लाल गोल काढला, कागदाच्या डोक्यावर शून्य दिलं आणि स्वतःशीच पुटपुटले,

"निदान शेजारच्याचं बघून तरी लिहायचं."

रुपचंद बऱ्हाटे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि त्यांच्या प्रॅक्टिकलला कुणाचं काही चुकल्याचं ऐकिवात नव्हतं. चुकणार कसं? आकृती आधी फळ्यावर असे, मग वहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते वेळ उरलाच तर. डीएनएची ती पीळदार शिडी त्यांनी लाल आणि निळ्या खडूने इतक्या वेळा काढली होती की डोळे झाकूनही हात बरोबर फिरला असता. डीएनए स्वतः मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. चोपडा-फैजपूरच्या केळीच्या मुलखात तो पाहायला मिळतो असं कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं.

ते सांगितलं सुनंदा तायडेने. ती त्यांचीच विद्यार्थिनी. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून रोज येऊन शिकली आणि पुढे याच विभागात लेक्चरर म्हणून आली. एका उन्हाळ्यात ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत प्रशिक्षणाला गेली आणि परतली ती डोक्यात खूळ घेऊनच. डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचायचं मशीन आपल्या बीएस्सीच्या पोरांच्या हाती द्यायचं! लोक हसले. आपल्या कॉलेजात महागडं यंत्र आलं की त्याला आधी खोळ शिवतात, मग कुलूप घालतात, आणि ते पाहुण्यांना दाखवण्यापुरतं बाहेर निघतं. सुनंदा हसणाऱ्यांशी भांडली नाही. दोन वर्षं पत्रं लिहीत राहिली, आणि संस्थेने आपल्याकडचा एक वापरलेला संच पाठवला.

तो पाहून प्राचार्यांचा थोडा हिरमोड झाला. त्यांना दिवे लुकलुकणारं काहीतरी हवं होतं. हे म्हणजे हातभर लांबीच्या दोन जाड काचा, त्यांच्यामध्ये ओतायचं कागदाइतकं पातळ जेल आणि दीड हजार व्होल्ट देणारा एक पेटारा. डीएनएच्या चार नळ्या करायच्या, एकेका अक्षराची एक. प्रत्येकीतला थेंब जेलमध्ये शेजारी शेजारी सोडायचा, वीज द्यायची आणि शेवटी चांदीच्या क्षाराने रंगवायचं. मग चार रकान्यांत तपकिरी पट्ट्या उमटतात. खालून वर जात, कोणती पट्टी कुठल्या रकान्यात आहे ते बघत एकेक अक्षर वाचायचं. एवढंच. पण या एवढ्यासाठी पुण्याहून एक अट आली होती. हे काम मुलांनी स्वतः करायचं. आधी क्रम माहीत असलेला एक तुकडा वाचून दाखवायचा, मगच इथल्या केळीचा डीएनए घ्यायचा. मे महिन्यात संस्थेच्या डॉ. दाबके स्वतः येऊन बघणार, आणि काम खरं वाटलं नाही तर मशीन जिल्ह्याच्या मोठ्या विभागाकडे जाणार.

त्या मे महिन्यात सुनंदाने जे केलं ते बऱ्हाटे सरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि घरी जेवताना ते कौतुकाने तेच सांगत बसत. जेलमध्ये बुडबुडा राहिला की सगळं वाया. पोरं ओतत, बुडबुडा येई, ती म्हणे, "परत." आवाज एकदाही चढला नाही. काचा धुताना मुलांच्या बरोबरीने खाली बसे. जेल पन्नास अंशांपर्यंत तापलेलं लागतं हे कळल्यावर भटूने तर हातच जोडले होते.

"मॅडम, येले पन्नास पाहिजे ना? मंग पंचेचाळीस तर आपला गावनं फुकट शे."

शेवटी परवा एक जेल बुडबुड्याशिवाय उतरलं. सर नेमके पुतण्याच्या लग्नाला चोपड्याला गेले होते. काल बुद्धपौर्णिमा, म्हणून सुनंदा भुसावळला. त्याच दिवशी मुलांनी एकेकट्याने काच वाचायची होती आणि देखरेख सरांवर होती. पोरांची तारांबळ नको म्हणून त्यांनी सकाळीच छापील पत्रकाच्या आठ झेरॉक्स काढून आणल्या आणि प्रेमाने वाटल्या. मग पंख्याखाली बसून राहिले. पोरं एकेक करून आतल्या अंधाऱ्या खोलीत जात होती आणि पटापट बाहेर येत होती.

भटूचा चहा आणि सुनंदा एकदमच दारात आली.

"ये, ये," सर म्हणाले. "सात जण शंभर टक्के. उद्या दाबके बाई बघतच राहतील."

तिने उभ्यानेच कागद चाळले. आधी चेहरा फुलला होता, तो तिसऱ्या कागदापर्यंत उतरला. लिलाचा कागद तिने हातात जास्त वेळ धरला.

"सर, मुलांकडे छापील क्रम कुठून आला?"

"मी दिला. का?"

ती खुर्चीत बसली. काही बोलली नाही. कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि मग अगदी सौम्यपणे म्हणाली,

"सर, तुम्ही काच पाहिलीत का?"

पाहिली नव्हती. हे कबूल करायला सरांना लाज वाटली, म्हणून ते नुसतेच उठले.

आतल्या खोलीत दुधी काचेखाली दोन ट्यूबलाइट जळत होत्या. त्यावर ती काच ठेवलेली होती. सुनंदाने त्यांच्या हातात भिंग दिलं आणि तळाच्या पट्टीवर बोट ठेवलं. सर वाकले. पिवळसर काचेवर बारीक, तपकिरी, आडव्या रेघा. सुतारकामाच्या पेन्सिलीने मारल्यासारख्या.

"ही कुठल्या रकान्यात?"

"पहिल्या," सर म्हणाले. "म्हणजे ए."

"पुढची?"

"टी. मग पुन्हा टी. मग... जी." त्यांचा आवाज हळू झाला. एकतीस वर्षं जे खडूने काढलं ते इथे स्वतःहून येऊन बसलं होतं, कुणी न काढता. ते वाचत राहिले, आणि मध्येच एका पट्टीवरून नुसतंच बोट फिरवत थांबले. सुनंदाने मान दुसरीकडे वळवली होती.

निम्म्याच्या पुढे पट्ट्या एकमेकींवर चढल्या होत्या. चारही रकान्यांत एक धुरकट डाग होता.

"जी, जी, सी, सी," सर म्हणाले.

"दिसतंय की आठवतंय, सर?"

सरांनी भिंग उचललं, काच थोडी फिरवली, चष्मा पुसला. पुन्हा वाकले. शेवटी त्यांनी भिंग काचेशेजारी ठेवून दिलं.

"पुण्यात पहिल्याच आठवड्यात मीही असंच जुळवून लिहिलं होतं," सुनंदा म्हणाली. "आपली सवयच ना ती. दाबके बाई रागावल्या नाहीत. आत्ता मी विचारलं तेवढंच विचारलं. तेव्हा मला कळलं की मला बघताच येत नाही. ते शिकायला मला तिथे तीन महिने लागले, सर. मशीन मी त्याच्यासाठी मागितलं."

सर ट्यूबलाइटच्या उजेडात उभे राहिले. तिने 'तुमची सवय' म्हटलं नव्हतं, 'आपली' म्हटलं होतं. त्यामुळे ते जास्त लागलं.

संध्याकाळी प्राचार्य आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि क्षणभरही न घुटमळता सात कागद फाइलला लावले.

"चौरेला उद्या बोलावू नका. आणि हे बाहेर काढायचं काही कारण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सर, बाई विचारतील," सुनंदा म्हणाली.

"विचारतील तेव्हा विभागप्रमुख उत्तर देतील. काय बऱ्हाटे? पुढच्या महिन्यात रिटायर होताय. जाता जाता मशीन घालवलंत असं नाव घेऊन जाऊ नका."

ते गेल्यावर सुनंदा फाइलकडे बघत राहिली. तिच्या दोन वर्षांच्या पत्रांचं काय व्हायचं ते आता त्या फाइलवर होतं, आणि फाइल खरी केली तरी मशीन जाणार, खोटी ठेवली तरी कदाचित जाणार. तिने दोष दिला असता तर बरं झालं असतं असं सरांना वाटलं.

कॉलेजच्या नळावर लिला चौरे दुसरी काच धूत होती. ती मूळची पिंपळनेरकडची. वडील भाईदास चौरे एसटीत कंडक्टर होते आणि यावल डेपोला बदलून आले होते, म्हणून ती इथे. वर्गात ती शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करी, पण धीर सुटला की तिची बोली आपसूक तोंडात येई. सरांना बघून ती उभी राहिली.

"तुला मी कागद दिला होता ना?"

"दिला होता, सर."

"मग? त्यात सगळं होतं."

तिने ओले हात ओढणीला पुसले. खाली बघत म्हणाली,

"मॅडमनी सांगेल व्हतं, दिसी तेच लिखानं. तठे माले काहीच दिसनं नही." मग तिने भीतभीत विचारलं, "शून्य दिलंत ना, सर?"

सरांनी वाहता नळ बंद केला.

"उद्या दहाला ये," ते म्हणाले. "व्हरांड्यात बस. मी हाक मारेन."

दुसऱ्या दिवशी डॉ. दाबके आल्या त्या जळगावहून लाल एसटीने, सुती साडीत, खांद्याला शबनम. प्राचार्यांनी गाडी पाठवलेली होती, ती रिकामी परत आली. त्यांनी हार नाकारला, पाणी घेतलं आणि फाइल मागितली. सातही कागद टेबलावर पसरून त्यांनी एकदा वरून खाली पाहिले.

"सगळ्यांचं सगळं बरोबर," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पीएचडीच्या मुलांचंही असं होत नाही."

"मुलं मेहनती आहेत, मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"आठ मुलं होती ना?"

"एकीला बरं नाही."

सुनंदाने तोंड उघडलं होतं, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आधी झाला. बऱ्हाटे सर उभे राहिले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर टेम्पोत चढवलेलं मशीन दिसत होतं, आणि त्याच्यामागे उभी असलेली सुनंदा.

"बरं आहे तिला," ते म्हणाले. "बाहेर बसली आहे. मीच बोलावलंय."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. लाल गोल तसाच होता आणि शून्यही. रात्री ते खोडावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, पण पेन हातात घेऊनही त्यांनी खोडलं नव्हतं.

"हे शून्य कुणी दिलं?" दाबकेंनी विचारलं.

"मी. आणि त्या सात जणांना छापील क्रम वाटला तोही मीच. पोरांचा दोष नाही. तायडे मॅडम त्या दिवशी इथे नव्हत्या. त्यांनी शिकवलं ते या एका कागदावर आहे. बाकी सातांवर मी शिकवलेलं आहे."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. दाबके उठल्या आणि आतल्या खोलीकडे निघाल्या. सरांनी दाराशी जाऊन लिलाला हाक मारली.

त्या खोलीत पाच माणसं दाटीवाटीने उभी राहिली. दाबकेंनी त्या धुरकट जागेवर बोट ठेवलं.

"इथे एन का लिहिलंस?"

"तिथे पट्ट्या एकमेकींवर आहेत, मॅडम. वेगळ्या दिसत नाहीत."

"तुम्ही काय वाचता?" त्यांनी सरांना विचारलं.

सर वाकले. मघापासून त्यांना वाटत होतं की या वेळी तरी ते दिसेल. दिसलं नाही.

"मला वाचता येत नाही," ते म्हणाले.

दाबकेंनी भिंग घेतलं, बघितलं आणि परत दिलं.

"मलाही येत नाही. जेल मधेच कधी गार पडलं होतं का? गार पडलं की डीएनए दुमडतो आणि पट्ट्या अशा एकमेकींवर चढतात."

"लाइट गेली होती," लिला म्हणाली. "जनरेटर लागायला उशीर झाला."

"मग पुढच्या वेळी जनरेटर आधीपासून चालू ठेवा. केळीचं कधी घेताय?"

सुनंदाला तो प्रश्न लगेच कळला नसावा. लिलाच बोलली.

"सोमवारी, मॅडम. पानं मीच आणणार आहे."

"उघडलेलं पान घेऊ नकोस. पोग्यातलं, कोवळं घे."

"म्हणजे मशीन..." प्राचार्यांनी मागून विचारलं.

"मशीनला काय झालं?" दाबके म्हणाल्या. "त्या सातांकडून तेवढी छापील पत्रकं काढून घ्या, आणि उद्या त्यांना परत वाचायला बसवा. एकेकटं."

सुनंदाने भिंतीला पाठ टेकली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. बऱ्हाटे सरांना तिच्याकडे धड बघवेना. या पोरीला आपण शिकवलं असं आजवर ते अभिमानाने सांगत आले होते. आता उलटं काहीतरी सांगावं लागेल, आणि ते सांगायलाही आवडेल असं त्यांना वाटलं.

"सर," दाबके म्हणाल्या, "या काचेचं तुमचं वाचन कुठे आहे?"

"माझं?"

"विभागप्रमुख आहात ना? लिहून द्या. मला संध्याकाळच्या गाडीने निघायचंय, तोवर पुष्कळ वेळ आहे."

त्या चहाला बाहेर गेल्या. भटूने स्टूल आणून ठेवलं. सर त्यावर बसले, कोरा कागद मांडीवर घेतला आणि तळाच्या पट्टीपासून सुरुवात केली. ए. टी. टी. जी. वर्गात चार मिनिटांत फळा भरून टाकणारा माणूस एकेका अक्षराला थांबत होता. त्या डागापाशी आल्यावर त्यांनी चार वेळा एन लिहिलं. पुढच्या पट्ट्या स्वच्छ होत्या, आणि त्यांना हुरूप आला. ते झरझर वर चढू लागले.

लिला काचेच्या पलीकडे उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली,

"सर, ते शेवटलं एकदा परत देखा. तठे दोन पट्ट्या शेतस."

सरांनी कागदाकडे पाहिलं. त्यांनी टी लिहिलं होतं. मग भिंग डोळ्याला लावून ते खाली वाकले आणि बघत राहिले. दोन होत्या, एकाच उंचीवर, दोन रकान्यांत.

त्यांनी टी खोडलं.